पिवळी पिन काढा, एचडीएमआय लावा: एचडी सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडण्याची पूर्ण पद्धत

माझ्या मामांचं गाव खानदेशात, अमळनेर तालुक्यात आहे. कानबाईच्या उत्सवाला आम्ही सगळे तिथे जमतो. सुरतहून मावसभाऊ येतात, पुण्याहून आम्ही. एका श्रावणात रोट झाले, पंगती उठल्या आणि सगळे टीव्हीपुढे बसले. टीव्ही त्रेचाळीस इंची, भिंतीवर टांगलेला, खाली एचडी लिहिलेला सेट-टॉप बॉक्स. चित्र मात्र असं की बातम्यांची खालची पट्टी वाचायला डोळे बारीक करावे लागायचे. लाल साडीचा रंग कडेने बाहेर ओघळल्यासारखा दिसत होता. मामी म्हणाली, "दुकानवालानी फसाडं आमले."

दुकानदाराने फसवलं नव्हतं. मी टीव्हीच्या मागे हात घातला तेव्हा पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना हाताला लागल्या. बॉक्सचं रिकामं खोकं माळ्यावर होतं. त्यात एचडीएमआय वायर तशीच पडून, तिला बांधलेली काळी तारसुद्धा सुटलेली नव्हती. बसवायला आलेल्या मुलाने जुन्या टीव्हीची वायर नव्या टीव्हीला लावली, चित्र आलं, तो निघून गेला. चौदा महिने मामा एचडीचे पैसे भरत होते आणि साधं चित्र पाहत होते.

त्यानंतर नात्यातली आणि ओळखीतली बरीच घरं पाहिली. पारोळ्यात, शिरपुरात, भुसावळच्या क्वार्टरमध्ये हेच दिसलं. टीव्ही चांगला, बॉक्स चांगला, आणि मधलं काहीतरी चुकलेलं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी चार गोष्टी जुळतात का ते पाहा

एचडी चित्र पडद्यावर येण्यासाठी टीव्ही, बॉक्स, वायर आणि चॅनेल या चारही गोष्टी एचडी लागतात. एक जरी साधी असली तरी चित्र साधंच येतं.

टीव्हीचं सोपं आहे. मागे किंवा बाजूला 'एचडीएमआय' लिहिलेलं तोंड असेल तर टीव्ही चालेल. खोक्यावर 'एचडी रेडी' असेल तर पडद्यावर बहुतेक वेळा १३६६ × ७६८ ठिपके असतात, 'फुल एचडी' असेल तर १९२० × १०८०, आणि 'फोर-के' असेल तर ३८४० × २१६०. तिन्हींवर एचडी बॉक्स चालतो. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला मात्र एचडी बॉक्स लावून उपयोग नाही. चित्र येईल, पण साधंच.

बॉक्सवर 'एचडी' लिहिलेलं असलं पाहिजे. इथे एक गैरसमज फार आहे. एचडीएमआयचं तोंड आहे म्हणून बॉक्स एचडी झाला असं नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या कित्येक बॉक्सना ते तोंड असतं, पण त्यावर येणारं बहुतेक प्रक्षेपण साध्या दर्जाचं असतं. तिथे एचडीएमआय लावल्याने रंग थोडे स्वच्छ होतात, बारकावा वाढत नाही. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ती जरूर पाहावी, फक्त एचडीची अपेक्षा धरून निराश होऊ नये.

वायरीबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. चौथी गोष्ट चॅनेल, आणि तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. 'स्टार प्रवाह' आणि 'स्टार प्रवाह एचडी' ही दोन वेगळी चॅनेलं आहेत, त्यांचे नंबरही वेगळे. 'झी मराठी' आणि 'कलर्स मराठी' यांचंही तसंच. एचडीचे पैसे वेगळे पडतात आणि ते आपल्या पॅकमध्ये असावं लागतं. दूरसंचार नियामक ट्रायचे नवे नियम २०१९ मध्ये लागू झाल्यापासून चॅनेल सुटंही घेता येतं, म्हणजे घरात जी दोन-चार बघितली जातात तेवढीच एचडीमध्ये घेतली तरी चालतं. पण घेतल्यावर ती लावलीही पाहिजेत. वर्षानुवर्षं बोटाला जुना नंबर पाठ असतो आणि माणूस तोच दाबतो. मामांच्या घरी वायर बदलल्यावरही पहिल्या दिवशी हेच झालं होतं.

पिवळ्या वायरीतून काय हरवतं

पिवळ्या पिनेतून जाणारं चित्र फार फार तर ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं. एचडी म्हणजे १९२० × १०८०. गुणाकार करून पाहिला तर एचडीमध्ये बरोबर पाचपट ठिपके भरतात. वरून पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड एकाच तारेतून मिसळून जातात. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात, आणि त्यात रंगांच्या कडा फिसकटतात. साडीचा लाल रंग ओघळतो तो यामुळे. लाल आणि पांढरी पिन नुसत्या आवाजाच्या.

एचडीएमआयमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून, अंकांच्या रूपात जातात. म्हणून ती लावल्यावर लाल-पांढऱ्या पिनांची गरज उरत नाही.

वायर किती भारी घ्यावी? एचडी बॉक्ससाठी दोन-तीनशे रुपयांची साधी, घट्ट बसणारी वायर पुरते. सोन्याचा मुलामा, जाड जाळी, हजार रुपयांचं खोकं यांनी चित्र सुधारत नाही. अंकांचा संदेश पोहोचला की चित्र पूर्ण येतं. तो अधूनमधून तुटला की पडद्यावर पांढरे-हिरवे ठिपके चमकतात, नाहीतर चित्र क्षणभर काळं होतं. बॉक्स फोर-के असेल तरच वायरीवर 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेलं आहे का ते पाहा. लांबी लागेल तेवढीच घ्या. टीव्हीच्या खालीच बॉक्स असेल तर दीड मीटर पुरते. बॉक्स दुसऱ्या खोलीत ठेवून दहा-पंधरा मीटर वायर ओढायची असेल तर साध्या वायरीत अडचणी येतात.

जुन्या एखाद्या फुल एचडी टीव्हीवर एचडीएमआयचं तोंड खराब झालं असेल आणि बॉक्सला हिरवी, निळी आणि लाल अशा तीन तोंडांची सोय असेल, तर त्या वायरीतूनही एचडी चित्र जातं. आवाजासाठी मात्र लाल-पांढरी वेगळी लावावी लागते.

हात लावण्याआधी दोन्ही प्लग काढा

हा भाग घाईने वाचू नका. टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग बोर्डातून काढा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे.

कारण असं. बॉक्सच्या दोन पिनच्या अडॅप्टरमधून थोडी गळती त्याच्या धातूच्या भागावर येते. डिशच्या वायरीच्या नटाला ओलं बोट लागलं तर झिणझिण्या येतात त्या याच. घरात अर्थिंग नीट नसेल तर टीव्ही, बॉक्स आणि गच्चीवरची डिश यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो. चालू स्थितीत एचडीएमआय खुपसताना तो फरक वायरीच्या बाहेरच्या धातूतून आणि पिनांतून वाहतो, आणि टीव्हीचं तोंड जळतं. टीव्ही चालू राहतो, पडदा ठीक असतो, फक्त ते एक तोंड कायमचं मुकं होतं. असे टीव्ही मी पाहिले आहेत.

अर्थिंगबद्दल आपल्या भागासाठी एक सांगतो. बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. जुन्या घरांत वरच्या भोकामागे तारच नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आणि अर्थिंगचा खड्डा असला तरी एप्रिल-मेमध्ये आपली जमीन भेगाळते तेव्हा तो कोरडाठाक पडतो. आठ-दहा दिवसांनी त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

जोडणी

बॉक्सच्या मागे तोंडं ओळखून घ्या. आटे असलेलं गोल तोंड डिशच्या वायरीचं. त्यावर 'एलएनबी इन' किंवा 'सॅटेलाइट इन' लिहिलेलं असतं. टीव्हीच्या मागेही अँटेनाचं गोल तोंड असतं आणि कुणी तरी डिशची वायर थेट त्यात घालून बघतो. ती बॉक्समध्येच लागते, कारण बॉक्स त्याच वायरीतून वर डिशच्या एलएनबीला (डिशपुढच्या दांड्यावरच्या छोट्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट वीज पुरवतो. त्यावर ती चालते.

एचडीएमआयचं तोंड वरून रुंद आणि खालून निमुळतं असतं. वायरीचं टोकही तसंच. सरळ धरा, आकार जुळवा, अंगठ्याने हलकेच पुढे ढकला. शेवटी किंचित अडकल्यासारखं जाणवेल, म्हणजे पूर्ण बसली. आतमध्ये १९ बारीक पिना आहेत. वाकडी धरून जोर लावला तर त्या चेपतात. भिंतीवरच्या टीव्हीमागे न दिसणाऱ्या जागेत बरेच जण यूएसबीच्या तोंडातच ढकलत बसतात, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावा, किंवा मोबाइल मागे धरून तोंडांचा फोटो काढा आणि आधी तो नीट बघा. टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय असतील तर ज्याच्याशेजारी 'एसटीबी' लिहिलं आहे ते बॉक्ससाठी निवडा. ज्यावर 'एआरसी' लिहिलं आहे ते शक्यतो मोकळं ठेवा, पुढे साउंडबार घेतला तर तेच तोंड लागतं. तसं काही लिहिलेलं नसेल तर एक नंबर घ्या आणि लक्षात ठेवा.

जुनी पिवळी, लाल, पांढरी वायर काढून खोक्यात ठेवा. दोन्ही लावून ठेवलं तर घरातलं कुणी तरी पुन्हा जुन्या इनपुटवर जातं आणि चित्र बिघडलं म्हणून फोन करतं.

डिशच्या वायरीचं टोक खराब असेल, नट हातात फिरत असेल किंवा मधली तार हिरवट-काळी पडली असेल, तर ते आत्ताच नव्याने करून घ्या. ही आरजी-६ वायर. बाहेरचं काळं किंवा पांढरं आवरण दीड सेंटीमीटर सोला, पण पातं आतपर्यंत घुसू देऊ नका. आतली चांदीसारखी जाळी मागे दुमडून आवरणावर पसरवा. मग पांढरा फोम, मधल्या तारेला खरवडा न पडू देता, पुढून कापा. आता एफ-कनेक्टर, म्हणजे टोकाला बसणारा आट्यांचा नट, फिरवत दाबून बसवा. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या काठाला टेकला पाहिजे आणि मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. शेवटी डोळ्यांजवळ धरून पाहा, जाळीचा एकही केस मधल्या तारेला चिकटलेला नको. तो एक केस शॉर्ट करतो. मग एलएनबीला वीज मिळत नाही आणि माणूस गच्चीवर जाऊन डिश हलवत बसतो. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने अगदी थोडा.

आता आधी टीव्हीचा प्लग लावा, मग बॉक्सचा. बॉक्सला उठायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढं थांबा. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून जो नंबर वापरला तो एचडीएमआय निवडा. टीव्हीने नाव बदलू दिलं तर त्याला 'डिश' असं नाव देऊन टाका.

'नो सिग्नल' दोन प्रकारचं असतं

हे एकदा समजलं की निम्मे फोन वाचतात.

पडद्यावर कोऱ्या निळ्या-काळ्या पार्श्वभूमीवर टीव्ही स्वतः 'नो सिग्नल' म्हणत असेल, कधी अक्षरं इकडून तिकडे तरंगत असतील, तर बॉक्स ते टीव्ही हा पल्ला तुटला आहे. इनपुट चुकलं, वायर अर्धवट बसली, नाहीतर बॉक्स बंद आहे. गच्चीवर जाण्याची काहीही गरज नाही.

उलट, कंपनीच्या रंगात, कंपनीच्या अक्षरांत, एखाद्या एरर नंबरसह सिग्नल मिळत नसल्याचा संदेश आला, तर बॉक्स टीव्हीशी बोलतो आहे. म्हणजे एचडीएमआय ठीक आहे आणि बिघाड डिशकडे आहे. शंका असेल तर बॉक्सच्या रिमोटवर 'मेन्यू' दाबा. मेन्यू पडद्यावर उमटला तर खालची जोडणी पक्की.

बॉक्सला सांगायचं असतं की आता एचडी दे

वायर लागली, चित्र आलं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण बॉक्स कदाचित अजून ५७६ वरच चित्र देत असेल.

मेन्यूत जा, सेटिंग उघडा, तिथे 'टीव्ही', 'व्हिडिओ' किंवा 'रिझोल्युशन' नावाचा भाग सापडेल. पर्याय साधारण असे दिसतात: ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, काही बॉक्सवर १०८०पी. फुल एचडी किंवा फोर-के टीव्हीसाठी १०८०आय घ्या. आपल्याकडची एचडी चॅनेलं साधारणपणे १०८०आय मध्येच येतात, तेव्हा जसं येतं तसं टीव्हीला द्यावं. एचडी रेडी टीव्हीवर १०८०आय आणि ७२०पी दोन्ही लावून पाहा. धावणारा खेळाडू किंवा सरकणारी अक्षरं ज्यात स्वच्छ दिसतात ते ठेवा. यात पुस्तकी उत्तर नाही, तुमच्या टीव्हीवर जे चांगलं दिसेल ते बरोबर.

पर्याय बदलल्यावर पडदा काळा झाला तर घाबरू नका. बहुतेक बॉक्स काही सेकंद वाट पाहून होकार मिळाला नाही की जुन्या सेटिंगवर परत येतात. तसं नाही झालं तर पिवळी वायर तात्पुरती लावा, तिच्यावर मेन्यू दिसेल, तिथून बदला. म्हणूनच ती वायर फेकून न देता खोक्यात ठेवा म्हणतो.

त्याच ठिकाणी चित्राचा आकार १६:९ ठेवा. जुने मराठी चित्रपट ४:३ आकाराचे असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते येऊ द्या. पडदा भरायचा म्हणून ताणलं की सगळी माणसं बुटकी आणि गोल दिसतात. कलाकाराचा चेहरा जसा टिपला गेला तसा बघावा, असं मला मनापासून वाटतं.

टीव्हीकडेही एक सेटिंग असतं. बातम्यांची खालची पट्टी किंवा कोपऱ्यातला चॅनेलचा शिक्का अर्धा कापला जात असेल, तर टीव्ही चित्र किंचित मोठं करून कडा कापतो आहे. टीव्हीच्या चित्राच्या आकारात 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा 'ओव्हरस्कॅन बंद' यांपैकी जे असेल ते निवडा. एवढ्यानेच अक्षरं एकदम रेखीव होतात.

रंग आणि उजेड

टीव्ही बहुतेक वेळा दुकानातल्या झगमगाटासाठीच्या सेटिंगवर घरी येतो. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असं त्याचं नाव असतं. गवत विषारी हिरवं, चेहरे नारिंगी. ते 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा'वर आणा. पहिले दोन दिवस चित्र फिकट वाटेल, मग डोळ्यांना तेच बरं वाटू लागेल. 'शार्पनेस' कमी करा. तो वाढवल्याने बारकावा वाढत नाही, अक्षरांभोवती पांढरी कड तेवढी येते. मालिका अतिगुळगुळीत, घसरल्यासारखी दिसत असेल तर 'मोशन' नावाचं सेटिंग बंद करा.

आवाज येत नाही

चित्र उत्तम आणि आवाज गायब, असं झालं की आधी टीव्हीचा आणि बॉक्सचा दोन्हींचा व्हॉल्यूम पाहा. बॉक्सचा पूर्ण ठेवा आणि टीव्हीने कमी-जास्त करा. तरीही काही एचडी चॅनेलांवरच आवाज नसेल तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'डॉल्बी'ऐवजी 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' निवडा. काही टीव्हींना डॉल्बी उलगडता येत नाही, म्हणून ते गप्प राहतात. साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या 'एआरसी' तोंडाला दुसऱ्या एचडीएमआयने जोडा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये एआरसी चालू करा.

गच्चीवरचं

डिशची दिशा बसवणं हे कंपनीच्या माणसाचं काम आणि ते त्यालाच करू द्यावं. पण तो काय करतो हे आपल्याला कळलं पाहिजे, म्हणजे चूक तिथल्या तिथे सांगता येते.

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या पूर्वेकडच्या रेखांशांवर आहेत. टाटा प्लेचा ८३ अंशांवर, फ्री डिशचा ९३.५ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर. जळगाव आहे साधारण ७५.५ अंश रेखांशावर. म्हणून आपल्याकडून ८३ अंशांचा उपग्रह दक्षिणेच्या थोडा पूर्वेला आणि आकाशात बराच उंच, सुमारे ६४ अंशांवर असतो. ९३.५ वाला आग्नेयेला. १०८.२ वाला त्याहून पूर्वेकडे झुकलेला आणि खाली, सुमारे ४६ अंशांवर. चोपडा, यावल, रावेरकडची माणसं विचारतात की सातपुडा आड येतो का. येत नाही, सातपुडा उत्तरेला आहे आणि डिश पाहते दक्षिण-आग्नेयेला. आड येतो तो अंगणातला निंब आणि शेजाऱ्याची नवी गच्ची.

डिश जितकी उभी दिसते तितकी ती खाली पाहत नाही. तिची बनावटच अशी असते की एलएनबी खालच्या बाजूला असते आणि डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहते. त्यामुळे समोरची भिंत आड येतेय असं वाटलं तरी कित्येकदा येत नसते.

झाड आड येतं का हे बघण्याची एक खात्रीची पद्धत आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दुपार होण्याआधी रोज थोडी मिनिटं चित्र तुटतं. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या रेषेत मागे येतो आणि त्याच्या लहरींत उपग्रहाचा आवाज बुडतो. हा बिघाड नाही, काही दिवसांत आपोआप जातो. पण त्याच मिनिटाला गच्चीवर जाऊन पाहा. डिशवर पूर्ण ऊन असेल तर तिची वाट मोकळी आहे. डिशवर फांदीची सावली असेल तर नेमकी तीच फांदी पावसाळ्यात त्रास देणार आहे.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. मातीच्या धाब्यावर बोल्ट धरत नाहीत, आणि भोक पाडलं तर पावसात तिथूनच गळती लागते. अशा घरी डिश बाजूच्या पक्क्या भिंतीला घ्यावी, किंवा अंगणात सिमेंटमध्ये लोखंडी पाइप उभा करावा. पाइप ओळंब्यात हवा. तो जरा झुकला तरी दिशा जुळवताना माणूस दमतो आणि पुढे वाऱ्याने ती पुन्हा सुटते. पत्र्यावर डिश कधीही बसवू नका. पत्रा थरथरला की डिश थरथरते.

वायर घरात शिरते तिथे आधी ती खाली वाकवून मग वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी वाकणावरून ठिबकतं, वायरीवरून आत येत नाही. गच्चीवरच्या जोडाला रबराचं टोपण किंवा चिकटपट्टी हवी. वायर उन्हात लोंबती ठेवू नका, आपल्या उन्हाने तिचं आवरण दोन-तीन वर्षांत तडकतं.

बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात, 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी'. बघायचा तो 'क्वालिटी'. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य म्हणजे एलएनबी चालू आहे पण डिश चुकीच्या दिशेला आहे. निरभ्र दिवशी तुमची क्वालिटी किती असते ते एकदा लिहून ठेवा. ती हळूहळू उतरत असेल तर जोडात पाणी शिरलं आहे किंवा डिश हलली आहे. मुसळधार पावसात चित्र गेलं तर मात्र काही करू नका. या लहरी दाट पावसात शोषल्या जातात, पाऊस ओसरला की चित्र येतं. अशा वेळी ओल्या गच्चीवर जाऊ नका.

ऊन आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉक्स आतून स्वतःही तापतो. त्यावर क्रोशाचं कापड, फुलदाणी, वायफायचा डबा असं काही ठेवू नका. चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडा. रात्री बोर्डावरून बंद करा. उन्हाळ्यात दुपारी चित्र अडकत असेल आणि रात्री सुरळीत चालत असेल, तर दोष उष्णतेचा समजा.

वीज जाऊन एकदम आली की बॉक्सच्या अडॅप्टरवर धक्का बसतो. स्पाइक गार्ड लावा, गावात व्होल्टेज फार वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर. वळवाच्या पावसाचे ढग दिसले की प्लग तर काढाच, पण डिशची वायरही बॉक्समधून काढून ठेवा. जवळ वीज पडली की ती गच्चीवरून वायरीने खाली उतरते, आणि एचडीएमआयमुळे बॉक्सबरोबर टीव्हीही जातो. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका. ढग दिसतानाच ते करायचं.

मामांच्या घरी त्या रात्री सगळं बसल्यावर मामी खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ जाऊन बसली. मालिकेतल्या बाईच्या नऊवारीच्या काठावरची नक्षी बघत म्हणाली, "आते दिखस रे भाऊ." मग मी पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा कापला. त्यावर त्यांच्या चार आवडत्या चॅनेलांचे एचडी नंबर मोठ्या अक्षरांत लिहिले, खाली 'इनपुट: एचडीएमआय १' आणि निरभ्र दिवसाची क्वालिटी लिहिली, आणि तो टीव्हीच्या शेजारच्या खिळ्याला अडकवला. तुम्हीही बसवून झाल्यावर तेवढं करा, विशेषतः घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर.